काटा योग्य आणि काटा आपला

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या या पठारावर समुद्राच्या नावाची घड्याळे किती होती, हे एकदा कोणीतरी मोजायला हवे. माझ्या लहानपणी भालकी, हुमनाबाद, आळंद या भागांत ज्याच्या मनगटावर बरे घड्याळ असे, त्या घड्याळाच्या तबकडीवर बहुधा 'सी चीफ' किंवा 'सी किंग' अशी अक्षरे असत. ही दोन्ही नावे फावर-ल्यूबा या स्विस कंपनीची. आमच्या वडिलांचेही 'सी चीफ' होते. त्यांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला, तोही मुंबईला दवाखान्याच्या कामासाठी गेले असता. जुन्या बिदरमधील भुयारी जलवाहिनीचा, म्हणजे करेजचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांना पाण्याची खोली म्हणजे विहिरीची खोली एवढेच ठाऊक.

या लेखाचा विषय मात्र त्याहून पुढचा आहे. समुद्राचे नाव धारण करणारे घड्याळ वेगळे आणि समुद्रात उतरण्यासाठी घडवलेले, पाणबुड्याचे घड्याळ वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या जुन्या घड्याळाचे काटे हरवले, मोडले किंवा बदलले, तर त्या जागी कोणते काटे योग्य, हे कसे ओळखावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. माझ्या थोरल्या बंधूंचे, आम्ही सारे ज्यांना दादा म्हणत असू त्यांचे, घड्याळ पुतण्याने माझ्यापुढे आणून ठेवले आणि "काका, याचे काटे असेच होते का?" असे विचारले, तेव्हा उत्तर देताना माझी जीभ अडखळली. त्या प्रश्नामागे माझीच एक चूक होती. ती पुढे सांगतो.

प्रथम ही घड्याळे आपल्या भागात कशी आली ते पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट सोलापूर आणि गुलबर्ग्यावरून 1871 साली रायचूरला पोहोचली आणि 1874 साली वाडीहून सिकंदराबादकडे निजामाची रेल्वे सुरू झाली. गाडी आली तशी घड्याळाची गरज आली. घटका-पळे मोजणाऱ्या समाजाला मिनिटांचा हिशेब शिकवला तो स्टेशनमास्तरने. बिदर शहराच्या मध्यभागी उभा असलेला चौबारा हा मूळचा टेहळणीचा गोल बुरूज. त्याच्यावर पुढे कोणत्याही दिशेने दिसेल असे मोठे घड्याळ बसले आणि टेहळणीच्या बुरुजाचे काम वेळ सांगण्याचे झाले. मनगटावरची आणि खिशातली घड्याळे मात्र मुंबईमार्गे येत. फावर-ल्यूबा घराण्याचा धंदा स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी 1737 साली सुरू झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याने हिंदुस्थानच्या बाजारपेठेत पाय रोवले. वेस्ट एंड वॉच कंपनीचा तर सारा व्यापारच मुंबई-कलकत्त्याच्या भरवशावर उभा होता. तिच्या एका घड्याळाचे नाव 'सोवार', म्हणजे आपला 'स्वार'. आमच्या आजोळी असे एक होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. आपला मुलूख 1948 च्या सप्टेंबरात निजामाच्या सत्तेतून सुटला, 1956 साली म्हैसूर राज्यात आला, आणि याच सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे बाहेरच्या मालाच्या आयातीवर कडक बंधने आली. 1961 साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ-कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. त्यानंतर सरकारी नोकराच्या मनगटावर 'जनता' किंवा 'पायलट' हे घड्याळ असणे जवळपास ठरूनच गेले. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी 'जनता'च घेतले. तो कारखाना आज राहिलेला नाही. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत घेतला. या काळात जुन्या स्विस घड्याळांचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि इथेच आपल्या विषयाचे मूळ आहे. काटा मोडला तर घड्याळजी पेटीत जो असेल तो बसवी. गिऱ्हाइकाचीही तक्रार नसे. घड्याळ चालले म्हणजे झाले.

1970 च्या दशकात आखातातील तेलाचा पैसा वाढला आणि बिदर, गुलबर्गा, हैदराबाद या पट्ट्यातून माणसे तिकडे जाऊ लागली. परतताना प्रत्येकाच्या पेटीत टेपरेकॉर्डर, सुगंधी साबण आणि जपानी घड्याळ असे. त्यांत सेइको फार. दादा 1979 साली दुबईला बांधकामाच्या हिशेबनिसाचे काम करायला गेले आणि 1983 साली लग्नासाठी आले, तेव्हा त्यांच्या हातात काळ्या तबकडीचे, जाड, जड, फिरत्या कड्याचे घड्याळ होते. घरातल्या कोणालाही ते फारसे आवडले नाही. आईला ते लोखंडाचे कडे वाटले.

ते पाणबुड्याचे घड्याळ होते.

असे घड्याळ कशासाठी घडवले गेले, हे समजल्याशिवाय त्याच्या काट्याचे महत्त्व कळत नाही. पाण्यात खोल उतरलेल्या माणसाच्या शरीरात दाबामुळे नायट्रोजन विरघळतो. वर येताना घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो किंवा मरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1908 साली किती खोलीवर किती मिनिटे राहिल्यास वर येताना कुठे किती थांबावे याची कोष्टके प्रसिद्ध केली. ही कोष्टके मिनिटांवर चालतात. पाणबुड्याला किती वाजले याच्याशी कर्तव्य नसते. आपण किती मिनिटे खाली आहोत एवढेच त्याला हवे असते. बुडी मारताना तो बाहेरच्या फिरत्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, आणि मग त्या काट्याने किती वाट चालली हे पाहतो. गढूळ, काळोख्या पाण्यात तासकाट्याला मिनिटकाटा समजण्याची चूक प्राणावर बेतू शकते.

म्हणून या घड्याळांत मिनिटकाटा ठळक आणि तासकाट्याहून अगदी निराळा ठेवण्याची रीत पडली. 1953 साली ब्लाँपेन कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' काढले. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांचे नेते मालुबिये आणि रिफो यांनी त्याच्या मागण्या ठरवल्या होत्या. त्याच सुमारास रोलेक्सचे 'सबमरीनर' आले. त्याच्या पहिल्या काही घड्याळांना पेन्सिलीसारखे सरळ काटे होते आणि लवकरच तासकाट्याच्या टोकाशी तीन आऱ्यांचे वर्तुळ आले, ज्याला लोक एका मोटारीच्या खुणेवरून 'मर्सिडिज काटा' म्हणतात. ओमेगाच्या 1957 च्या 'सीमास्टर 300' ला रुंद बाणाचा तासकाटा होता, तर पुढे ब्रिटिश नौदलासाठी घडवलेल्या त्याच घराण्यातील घड्याळांना तलवारीसारखे काटे बसले. 1967 च्या डॉक्सा घड्याळात मिनिटकाटा एवढा मोठा की तासकाटा त्याच्यापुढे पोरका वाटावा. फावर-ल्यूबाने 1960 च्या दशकात खऱ्या पाणबुड्यांसाठी 'डीप ब्लू' काढले. त्याच दशकात 'बॅथी' निघाले, ज्यात खोली दाखवणारा एक स्वतंत्र काटा होता. असे 'बॅथी' हाती आले आणि त्याचा खोली दाखवणारा काटा नसला, तर ते घड्याळ मुके झाले असेच समजावे.

1982 साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने पाणबुड्याच्या घड्याळासाठी 6425 क्रमांकाचे मानक ठरवले. अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे हे दिसले पाहिजे, अशा अटी त्यात आल्या. म्हणजे काटा हा या घड्याळाचा अलंकार नसून त्याची भाषा आहे, हे जगाने लेखी मान्य केले.

आता मूळ प्रश्नाकडे. घड्याळात तीन काटे असतात आणि तिघांची बसण्याची जागा वेगळी. तासकाटा एका रुंद नळीवर, मिनिटकाटा तिच्यातून वर आलेल्या अरुंद नळीवर, आणि सेकंदकाटा सर्वांत आतल्या केसासारख्या दांड्यावर. प्रत्येक यंत्रणेत या तिन्हींची मापे ठरलेली. स्विस ईटीए 2824 या सर्वत्र आढळणाऱ्या यंत्रणेत ती अनुक्रमे दीड मिलिमीटर, मिलिमीटरचे नऊ दशांश आणि मिलिमीटरचा चौथा भाग अशी आहेत. सेइकोच्या अनेक यंत्रणांत पहिली दोन तीच, पण सेकंदकाट्याचे छिद्र मिलिमीटरचा पाचवा भाग. फरक केवळ शतांशाचा. पण काटा सैल बसला की वेळ लावताना तो मागे राहतो, आणि घट्ट बसवण्यासाठी ठोकला की नळी फाटते. जुन्या काट्याच्या छिद्राभोवती चिमट्याने दाबल्याच्या खुणा किंवा कापल्याच्या रेघा भिंगातून दिसल्या, तर तो काटा दुसऱ्या यंत्रणेसाठी घडला होता हे जवळजवळ निश्चित समजावे.

छिद्रानंतर लांबी. घड्याळ घडवणारा काटा आणि तबकडी एकत्र आखतो. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेषांना स्पर्श करील असे, तासकाट्याचे टोक तासांच्या खुणांच्या आतल्या कडेशी येईल असे. काटा आखूड पडून टोक रेषेपासून लांब राहिले, किंवा लांब होऊन बाहेरच्या कड्याखाली गेले, तर तो उपरा. मिनिटकाटा आणि तासकाटा एकमेकांवरून जाताना घासून घड्याळ रोज ठराविक वेळी थांबत असेल, तर त्याचेही कारण बहुतेक वेळा हेच. अशा घड्याळाला आपल्याकडे 'वेळ लागली' म्हणण्याची पद्धत होती. दोष वेळेचा नसे, काट्याचा असे.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका. तो म्हणजे अंधारात चमकणारा रंग. आपल्याकडे आजही गाडीच्या पाटीवर चिकटवायच्या चमकत्या कागदाला 'रेडियम' म्हणतात. त्या कागदाचा रेडियमशी काही संबंध नसला, तरी नाव घड्याळांनीच दिले. 1960 च्या दशकापर्यंत घड्याळाच्या काट्यांत खरेच रेडियम असे. त्याची किरणे जस्ताच्या गंधकयुक्त भुकटीवर पडून ती उजळत असे. पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली, आणि अशा तबकडीवर तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' छापू लागले. ट्रिटियमचे तेज सुमारे बारा वर्षांत अर्ध्यावर येते. म्हणून ज्या तबकडीवर 'टी' आहे पण काटे मात्र दिवा मालवल्यावर रात्रभर हिरवे पेटलेले असतात, ते काटे नंतरचे. 1993 साली जपानच्या नेमोतो कंपनीने किरणोत्सर्गी नसलेला, दिव्याचा प्रकाश साठवून ठेवणारा रंग काढला, आणि आज सर्वत्र तोच चालतो. कंपनीनेच दुरुस्तीच्या वेळी आपल्या जुन्या घड्याळाला नव्या रंगाचे काटे बसवलेलेही पुष्कळ सापडतात. तेव्हा नवा रंग दिसला की लगेच नक्कल म्हणू नये. काटा खरा असतो, पण काळ दुसरा असतो.

रंगाच्या छटेवरूनही फार घाईने निर्णय देऊ नये. तबकडीवरचा रंग जाड, काट्यातला पातळ आणि धातूच्या चौकटीत भरलेला. ओल, ऊन आणि तेल यांमुळे दोन्ही सारख्याच वेगाने पिवळे होतात असे नाही. थोडा फरक स्वाभाविक आहे. उलट, तबकडी आणि काटे दोन्ही एकाच छटेचे, एकसारखे मधाळ पिवळे दिसले, तर मला संशय येतो. हल्ली जुनेपणाचा रंगही डबीत मिळतो.

इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ज्यांच्या घरी 1960 पूर्वीची चमकत्या काट्यांची घड्याळे आहेत त्यांनी काच काढून काटे खरवडू नयेत, मुलांना तर मुळीच हाती देऊ नयेत. ती आता चमकत नाहीत याचा अर्थ रेडियम संपले असा नाही. भुकटी जळून गेली आहे, रेडियम तेवढेच आहे. त्याला अर्धे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावी घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सरळ करीत. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी चालवलेला खटला 1928 साली तडजोडीने मिटला, आणि कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासात तो गाजला. आपल्या मनगटावरच्या हिरव्या उजेडाची अशीही एक किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

आपल्या देशात या साऱ्या पुराव्यांवर आणखी एक थर चढलेला असतो. जुनी फावर-ल्यूबा आणि एचएमटी घड्याळे नव्याने रंगवून, नवी तबकडी छापून, मिळतील ते काटे लावून विकण्याचा मोठा उद्योग इथे चालतो. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. मला या शब्दाचा राग येतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे असेही म्हणवत नाही. राग अशासाठी की ज्या घड्याळजींनी आयातबंदीच्या काळात, हाताशी एकही सुटा भाग नसताना, पत्र्याचा काटा कापून गरिबाचे घड्याळ चालू ठेवले, त्यांची आणि आजच्या रंगाऱ्यांची एकाच शब्दात बोळवण होते. पहिल्याने वेळ वाचवली, दुसरा वय लपवतो.

मी नोकरीत बराच काळ महसूल खात्यात होतो. जमिनीच्या फेरफाराची आमच्याकडे एक शिस्त होती. नवा मालक आला तर जुने नाव खरवडायचे नाही. त्याच्यावर रेघ मारायची, बाजूला नवे लिहायचे, तारीख आणि हुकमाचा क्रमांक घालायचा. खरवडलेली पहाणी पाहिली की आम्ही सर्वांत आधी तलाठ्याकडे बोट दाखवत असू. दादांच्या घड्याळात मी स्वतः त्या तलाठ्याचे काम केले, हे आता सांगून टाकतो.

दादा 1990 साली कायमचे परत आले. 1996 साली त्यांच्या घड्याळाच्या मिनिटकाट्याचा रंग सुटून तुकडे तबकडीवर पडू लागले, आणि घड्याळ थांबू लागले. ते दुरुस्त करून आणण्याचे काम माझ्याकडे आले. शहरातल्या एका दुकानात घड्याळजीने दोन पर्याय सांगितले. जुन्याच काट्यांत नवा रंग भरायचा, त्याला आठ दिवस लागणार. किंवा 'सबमरीनर'सारखे, तीन आऱ्यांच्या वर्तुळाचे नवे काटे लगेच बसवायचे. मला दुसरे अधिक देखणे वाटले, शिवाय संध्याकाळची बस गाठायची होती. जुने काटे त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिले. ती पुडी मी बसस्थानकावर तिकिटाच्या कागदाबरोबर टाकून दिली. दादांनी घड्याळ पाहिले, "बरं दिसतंय" एवढे म्हणाले आणि हातात घातले. शेवटपर्यंत त्यांनी त्याबद्दल दुसरा शब्द काढला नाही. ते 2019 साली गेले.

पुतण्याने घड्याळ आणले ते एका विक्रेत्याने सुचवलेल्या बेतासह. तबकडी, काटे, कडे सारे नवे घालून ते 'कारखान्यातून आल्यासारखे' करून देण्याची त्याची तयारी होती. पुतण्याला ते पटत नव्हते, पण हे तीन आऱ्यांचे काटे वडिलांच्या घड्याळाचे नाहीत, असा त्याला संशय होता. म्हणून त्याने विचारले, आणि मला कबूल करावे लागले.

मग आम्ही दोघांनी ती नस्ती रीतसर उघडली. पाठीमागच्या झाकणावर लाटेचे चित्र आणि 6309-7040 हा क्रमांक. पहिले चार अंक यंत्रणेचे, पुढचे चार कवचाचे. सेइकोच्या त्या काळच्या अनुक्रमांकात पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. आमच्या घड्याळाचा आरंभ एक आणि चार असा आहे. हे घड्याळ 1976 ते 1988 या काळातच निघत होते, म्हणून एक म्हणजे 1981 हेच वर्ष, आणि महिना एप्रिल. (सहा, सात किंवा आठ असता, तर दोन दशकांत गोंधळ झाला असता.) छिद्रांचा पुरावा इथे निरुपयोगी ठरला. सेइकोच्या पुढच्या काळातील यंत्रणांसाठी विकले जाणारे काटे 6309 वरही सहज बसतात, म्हणून तर ते तीन आऱ्यांचे काटे कुरकुर न करता बसले होते. उरला आकार. या घड्याळाचे मूळ काटे सरळ, रुंद पट्टीसारखे, चमकत्या रंगाने भरलेले आणि टोकाशी निमुळते.

पण छापील चित्रावरून ठरवलेले ते साऱ्या 6309 घड्याळांचे काटे झाले. दादांच्या घड्याळाचे काय? तो पुरावा वहिनींनी दिला. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये 1983 चे एक छायाचित्र आहे. दादा अक्षता घेण्यासाठी हात पुढे करून उभे आहेत आणि बाही वर सरकली आहे. पुतण्याने ते मोठे करून पाहिले. काळ्या तबकडीवर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, वर्तुळ कुठेही नाही. मोठ्या काट्याचे टोक मिनिटांच्या रेषांना भिडलेले आहे. वेळ साडेदहाच्या सुमाराची. मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांचा होता, असे वहिनींना आठवते. काट्यांचा आकार मात्र त्यांना आठवत नव्हता. "रात्री दार उघडलं की आधी हिरवं दिसायचं, मग ते दिसायचे," एवढेच त्या म्हणाल्या.

हैदराबादच्या जुमेरात बाजारात पुतण्याला एक बंद पडलेले 6309 मिळाले. यंत्रणा गंजून गेलेली, कडे नाही, काच फुटलेली, पण दोन्ही मोठे काटे शाबूत. त्याचा अनुक्रमांक शून्याने सुरू होतो, म्हणजे 1980 चे. आमच्यापेक्षा काही महिन्यांनी वडील. आता प्रश्न असा पडला की हे काटे लावले तर घड्याळ 'मूळ' झाले का? मी दोन रात्री या प्रश्नावर विचार केला. काटे योग्य आहेत यात शंका नाही. कारखाना एक, नमुना एक, काळ जवळजवळ एक. पण ते दादांचे नाहीत. दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या मनगटावर त्यांनी मिनिटे मोजली आहेत. योग्य काटा आणि आपला काटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजार पहिल्याला दुसऱ्याच्या नावाने विकतो. शिवाय ते तीन आऱ्यांचे काटेही आता निव्वळ परके म्हणता येत नव्हते. 1996 पासून दादांनी तेवीस वर्षे वेळ पाहिली ती त्यांच्यावरच. मूळ काट्यांवर त्यांनी पंधराच वर्षे पाहिली होती.

पुतण्या म्हणाला, "मग काय लावायचं, काका?"

आम्ही जुमेरात बाजारातले काटे लावले. त्यांतला रंग ओलीने तबकडीपेक्षा जरा अधिक पिवळा झाला आहे. घड्याळजी तो नव्याने भरून द्यायला तयार होता. आम्ही नको म्हटले. अंधारात ते आता जेमतेम मिणमिणतात, दार उघडल्यावर दिसण्याइतके नाही. वहिनींनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि कपाटात न ठेवता मुलाच्या हाती परत दिले. तीन आऱ्यांचे काटे एका लहान प्लास्टिकच्या डबीत घातले आणि डबीबरोबर एक कागद ठेवला. त्यावर माझ्या हस्ताक्षरात असे आहे: 'हे काटे 1996 साली माझ्या सांगण्यावरून बसवले, 2022 साली काढले. आता असलेले काटे 1980 च्या दुसऱ्या घड्याळातील आहेत. मूळ काटे माझ्याकडून हरवले.' खाली सही आणि तारीख.